मास्लाकची प्रश्नावली: बेरीज उशिरा बोलते, एकेक उत्तर आधी बोलतं

बर्नआउट, म्हणजे कामाच्या दीर्घकाळच्या ताणाने माणूस आतून पोखरला जाणं, मोजण्यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी. मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. आधी स्टाफ नर्स म्हणून स्वतः भरली आणि आता अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणून विभागाचे निकाल माझ्यासमोर येतात. ज्यांच्याकडे माणसांची ड्यूटी लावायचं काम आहे आणि ज्यांना वरून 'सर्व्हे करून घ्या' एवढंच सांगण्यात आलं आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण मुख्यतः लिहिते आहे. मत आधीच सांगून टाकते. साधन चांगलं आहे, विकत घेण्याच्या लायकीचं आहे. पण ते सहसा ज्या पद्धतीने वाचलं जातं, त्या पद्धतीत सुरुवातीची लक्षणं हातून निसटतात. आणि आपल्या कामात सुरुवातीलाच तर काहीतरी करता येतं.

क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ही प्रश्नावली 1981 मध्ये मांडली. आरोग्य आणि सेवाक्षेत्रातल्या लोकांसाठीच्या आवृत्तीत 22 विधानं आहेत. वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी तिचीच थोडी वेगळी आवृत्ती मिळते, तिच्यात 'सेवा घेणारी व्यक्ती' याऐवजी थेट 'रुग्ण' असा उल्लेख येतो. आपल्यासाठी तीच घ्यावी. प्रत्येक विधानापुढे ही भावना आपल्याला किती वेळा येते ते 0 ते 6 मध्ये लिहायचं. 0 म्हणजे कधीच नाही, 3 म्हणजे महिन्यातून काही वेळा, 4 म्हणजे आठवड्यातून एकदा, 6 म्हणजे रोज. भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण ती दहा-पंधरा मिनिटं सलग मिळायला हवीत. ड्यूटी संपताना दारात उभं राहून भरलेल्या फॉर्मवर माझा विश्वास नाही. अशा वेळी माणूस मधल्या रकान्यांत भराभर खुणा करून मोकळा होतो.

विधानं तीन गटांत विभागलेली आहेत. भावनिक थकव्याची नऊ, रुग्णांपासून मनाने तुटण्याची पाच आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय या भावनेची आठ. तिन्ही गटांचे गुण वेगवेगळे काढायचे, त्यांची एकत्र बेरीज करायची नाही. तरीही अनेक ठिकाणी तीन आकडे मिसळून एकच 'बर्नआउट स्कोअर' छापला जातो. तसा अहवाल हातात आला तर तो परत पाठवा आणि तीन आकडे वेगळे मागा. थकलेला पण रुग्णांत अजून जीव असलेला माणूस आणि थकवा फारसा नसूनही रुग्णांविषयी कोरडा झालेला माणूस, या दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते.

माझ्या लेखी या प्रश्नावलीचं मोल त्या मधल्या पाच विधानांत आहे. थकवा आपल्या कामात सगळ्यांनाच असतो आणि तो बोलून दाखवायला कोणी लाजत नाही. 'मेले बाई आज' असं म्हणत सिस्टर हसत चेंजिंग रूममध्ये येते, त्यात काळजीचं काही नाही. पण रुग्णाशी आपण एखाद्या वस्तूशी वागावं तसं वागतोय, त्याचं पुढे काय होईल याची आपल्याला खरं तर पर्वा उरलेली नाही, हे काम करायला लागल्यापासून आपण निबर होत चाललोय, या अर्थाची विधानं समोर आली की हात थबकतो. हे कोणी कोणाशी बोलत नाही, कारण या कामात ही कबुली सगळ्यात लाजिरवाणी वाटते. कागदावर निनावी खूण करायची असेल तरच ते बाहेर येतं. चार दशकं ही प्रश्नावली टिकली त्यामागे हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. जे तोंडाने बोलवत नाही ते ती विचारते.

आता तिच्या वाचनातली अडचण. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काही कट-ऑफ फिरत आले आहेत. भावनिक थकवा 27 किंवा त्याहून जास्त, म्हणजे उच्च. मनाने तुटणं 10 किंवा त्याहून जास्त, म्हणजे उच्च. 2016 च्या मॅन्युअलमध्ये हे कट-ऑफ काढून टाकण्यात आले, कारण त्यांना निदानाच्या दृष्टीने आधार नव्हता. तरीही ते सगळीकडे वापरात आहेत आणि अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे रंग त्यांच्यावरूनच भरले जातात.

जरा हिशेब मांडून बघा. एखाद्या सिस्टरचं गेल्या वेळी रुग्णांविषयीच्या पाचही विधानांचं उत्तर 0 होतं. या वेळी चार विधानांना 0 आहे आणि 'रुग्णाचं काय होतं याची पर्वा वाटत नाही' या अर्थाच्या विधानाला 4. बेरीज 4. अहवालात हिरवा रंग. पण माझ्या दृष्टीने त्या कागदावर आग लागली आहे. जी भावना तिला कधीच येत नव्हती ती आता दर आठवड्याला येते. थकव्याचंही तसंच. नऊ विधानांची बेरीज 8 वरून 24 वर गेली, तरी ती 27 च्या खालीच राहते आणि 'मध्यम' या रकान्यात निमूट बसते. तिच्या शेजारी वर्षानुवर्षं 27-28 वर स्थिर असलेली, कामात मुरलेली सिस्टर 'उच्च' म्हणून लाल दिसते. आधी कोणाशी बोलायला हवं? माझं उत्तर स्पष्ट आहे, 8 वरून 24 वर आलेल्या मुलीशी.

म्हणून एकच आग्रह धरते. प्रत्येकाने आपली उत्तरं स्वतःच्या वहीत आकड्यांनी टिपून ठेवावीत आणि पुढच्या वेळी आपल्याच जुन्या आकड्यांशी ताडून बघावीत. जगाच्या सरासरीशी तुलना करून काही हाती लागत नाही. कोणतंही एक विधान दोन-तीन घरं सरकलं असेल, विशेषतः त्या पाचांपैकी, तर तेच सुरुवातीचं लक्षण. इन्चार्जला व्यक्तीची उत्तरं दिसूच नयेत. तिने विभागाची उत्तरं विधानागणिक बघावीत: किती जणांनी कोणत्या विधानाला 'आठवड्यातून एकदा' किंवा त्याहून जास्त म्हटलं, आणि मागच्या फेरीत तेच किती जण होते. असा तक्ता मागितला की सर्व्हे करणारे लोक कुरकुरतात, कारण त्यांना सरासरी काढणं सोपं असतं. पण सरासरीत दोन माणसांचं कोसळणं दहा माणसांच्या बरं असण्याखाली दडून जातं.

कट-ऑफचा घोळ केवढा मोठा आहे याचा एक पुरावा द्यायलाच हवा. डॉक्टरांमधल्या बर्नआउटवरच्या 182 अभ्यासांचा एकत्र आढावा 2018 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 45 देशांतले सुमारे 1,09,600 डॉक्टर त्या अभ्यासांत होते. बर्नआउट आहे की नाही हे ठरवण्याच्या किमान 142 वेगवेगळ्या व्याख्या त्यांत सापडल्या, आणि बर्नआउटचं प्रमाण 0 पासून 80.5 टक्क्यांपर्यंत कुठेही निघालं. यातले बरेचसे अभ्यास याच प्रश्नावलीच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभे होते. तेव्हा कोणी 'आमच्याकडे अमुक टक्के बर्नआउट' असं सांगितलं की आधी विचारावं, रेघ कुठे ओढली?

दुसरी मोठी उणीव शरीराची. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांचं आणि स्वतःचंही निरीक्षण करून या अवस्थेचं वर्णन केलं. त्यात काय होतं? बरी न होणारी सर्दी, वारंवार डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, झोप न लागणं, चटकन राग येणं, आणि जास्तीत जास्त तास काम करूनही कमीत कमी काम उरकणं. ही यादी वाचताना मला आमचा विभागच डोळ्यांसमोर दिसतो. शरीराच्या या खुणांपैकी जवळपास काहीच मास्लाकच्या 22 विधानांत नाही. ती मनाविषयी विचारते, आणि आपल्याकडे मनाची उत्तरं द्यायला वेळ लागतो. शरीर मात्र आधीच तक्रार करायला लागलेलं असतं. ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळीच पोटात गोळा येणं ही मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली सुरुवात. सुट्टी आजची आहे, पण मन उद्याच्या सकाळच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्यात, अडकलेलं.

थकवा आणि बर्नआउट यांतला फरक ओळखायला प्रश्नावलीपेक्षा चांगली कसोटी मला रजेत सापडली. नुसता दमलेला माणूस चार दिवस झोपून, घरच्यांत राहून परत आला की पहिले काही दिवस तरी ताजा असतो. जो आत पोखरला गेलाय तो रजेवरून येतो आणि पहिल्याच ड्यूटीच्या मध्यावर तिथेच असतो जिथे रजेआधी होता. असं दिसलं की 'अजून थोडी रजा घे' हा उपाय नव्हे. प्रश्न कामाच्या रचनेत आहे.

प्रश्नावलीच्या दोन फेऱ्यांमध्ये महिने जातात, आणि त्या काळात वॉर्ड रोज काहीतरी सांगत असतो. हँडओव्हरमध्ये प्रश्न विचारणारी मुलगी प्रश्न विचारायची थांबते. नुसती मान हलवते, लिहून घेते, निघते. रुग्णाचं नाव जाऊन 'सात नंबर' येतो. बेड नंबरने बोलणं आपल्याकडे सोयीचं आहे आणि सगळेच बोलतात, त्यामुळे त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये. पण जी कायम 'आजी' म्हणायची तिने 'सात नंबर' म्हणायला सुरुवात केली तर लक्ष द्यावं. नर्सिंग नोट्समध्ये काल लिहिलेलं वाक्य आज तसंच्या तसं येतं. विद्यार्थिनींना समजावून सांगणारी सिस्टर 'तू बाजूला हो, मी करते' म्हणायला लागते. नातेवाइकाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की पूर्वी ती परत सांगायची, आता 'डॉक्टरांना विचारा' म्हणून पाठ फिरवते. कॉल बेल वाजते आणि ती उठते, पण उठण्याआधी एक क्षण डोळे मिटते.

आणि विनोद. वॉर्डात विनोद हवाच, त्याशिवाय रात्र निघत नाही. मी ऐकत असते की विनोद कोणावर होतोय. मशीनवर, सिस्टीमवर, ड्यूटी लिस्टवर, आमच्या स्वतःच्या दमण्यावर होत असेल तर ठीक आहे. तो रुग्णाच्या शरीरावर किंवा रडणाऱ्या नातेवाइकावर यायला लागला की काहीतरी बदललं. मास्लाकच्या त्या पाच विधानांचं वॉर्डातलं रूप हेच.

एक खूण बऱ्याच इन्चार्ज उलटी वाचतात. जी अचानक जास्त काम करायला लागते, कोणाचीही ड्यूटी बदलून घेते, जेवायला जात नाही, सगळं स्वतःच करते, तिचं कौतुक होतं. पूर्वीपासून तशीच असेल तर स्वभाव. हल्ली तशी झाली असेल तर मी तिला बाजूला घेऊन विचारते. हातून नीट होत नाही ही भीती आत शिरली की मेहनती माणूस तास वाढवतो. फ्रॉइडेनबर्गर यांच्या यादीतली शेवटची ओळ हेच सांगते.

ही लक्षणं वेळेवर ओळखणं फक्त आपल्या माणसांसाठी नाही, रुग्णांसाठीही आहे. 2010 मध्ये 7,900 हून जास्त शल्यचिकित्सकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 8.9 टक्के जणांनी गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातून मोठी वैद्यकीय चूक झाल्याची काळजी वाटते असं नोंदवलं. मास्लाकच्या मनाने तुटण्याच्या मापात एक गुण वाढला की अशी चूक नोंदवण्याची शक्यता 11 टक्क्यांनी वाढलेली दिसली. थकव्याच्या मापात एका गुणामागे 5 टक्के. कशामुळे काय झालं हे त्या अभ्यासावरून ठरत नाही. चुकीच्या धक्क्यानेही माणूस आतून तुटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण 11 आणि 5 हे आकडे शेजारी ठेवले की त्या पाच विधानांकडे मी एवढी का बघते ते कळेल. लक्षात घ्या, तिथेही एकेका गुणाचाच हिशेब आहे.

आता एक कडू भाग. मी पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी ही प्रश्नावली 'गोपनीय' म्हणून वाटली आणि वर कर्मचारी क्रमांकाचा रकाना ठेवला. निकाल काय लागला? सगळं उत्तम. कोणालाच थकवा नाही, सगळे रुग्णांवर जीव ओवाळून टाकतात, सगळ्यांना रोज कृतार्थ वाटतं. त्याच वर्षी तिथून एकामागून एक माणसं सोडून गेली. यात प्रश्नावलीचा काही दोष नाही. ज्या कागदावरून आपलं प्रमोशन किंवा बदली ठरू शकते त्यावर कोणी खरं लिहीत नाही आणि लिहूही नये. छोट्या विभागात तर क्रमांक नसला तरी वय, पद आणि नोकरीची वर्षं या तीन रकान्यांवरून माणूस ओळखता येतो. म्हणून असे रकाने काढून टाका, आणि अगदी लहान गटाचे आकडे वेगळे छापू नका. उत्तरं रुग्णालयाबाहेरच्या कोणाकडे तरी जमा होत असतील तर फारच चांगलं.

मास्लाकची ही प्रश्नावली स्वामित्वहक्काची आहे. वापरायच्या प्रतींसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. मोठ्या संस्थेला ते जड नाही, पण एका वॉर्डाला स्वतःच्या बळावर वारंवार करायचं तर परवडेलच असं नाही. म्हणून पर्यायांविषयी लिहिते. मी स्वतः यातले काही वापरले आहेत.

कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी 2005 मध्ये टागे क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. मोफत आहे. 19 प्रश्न: सहा एकूण थकव्याचे, सात कामामुळे येणाऱ्या थकव्याचे, सहा रुग्णांबरोबरच्या कामामुळे येणाऱ्या थकव्याचे. प्रत्येक उत्तराला 0, 25, 50, 75 किंवा 100 गुण आणि गटाची सरासरी. ही मला मनापासून आवडते, कारण ती थकवा कुठून येतोय ते वेगळं काढते. घरी तान्हं बाळ असलेल्या सिस्टरचा पहिला गट चढलेला आणि तिसरा खाली असतो. तिला रुग्ण जड झालेले नाहीत, तिला झोप हवी आहे, नाइट कमी हव्या आहेत. दुसरा गट एकटाच वर असेल तर कागदपत्रं, माणसांची कमतरता, साहित्य वेळेवर न मिळणं अशा गोष्टींकडे बघायचं. तिसरा चढायला लागला की मात्र तिला काही काळ वेगळ्या प्रकारच्या रुग्णांकडे ड्यूटी देण्याचा विचार करावा. म्हणजे निकालातून थेट ड्यूटी लिस्टपर्यंत जाता येतं. मास्लाकच्या निकालातून ते इतकं सरळ जमत नाही.

पण कोपनहेगनमध्ये रुग्णांपासून मनाने तुटण्याचा गट नाही. करणाऱ्यांनी तो जाणूनबुजून ठेवला नाही. त्यांच्या मते तसं तुटणं ही थकव्याशी सामना करायची एक रीत आहे, थकव्याचा भाग नाही. शास्त्र म्हणून त्यांचं म्हणणं बरोबर असेल. वॉर्डात मला तीच रीत सगळ्यात आधी दिसते, आणि जी गोष्ट आधी दिसते ती विचारायची सोडायला मी तयार नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तयार झालेला वेल-बीइंग इंडेक्स सगळ्यात छोटा आहे. सात प्रश्न, गेल्या महिन्याविषयी, उत्तर हो किंवा नाही. पुढे त्यात कामातला अर्थ आणि स्वतःसाठी मिळणारा वेळ यांविषयी दोन प्रश्न वाढवून नऊ झाले. त्यातला एक प्रश्न फार मोलाचा आहे: गाडी चालवताना किंवा सिग्नलला थांबलेले असताना झोप लागली का? नाइट करून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हा विचारायला हवा, आणि 'हो' आलं तर त्या दिवसापुरती तरी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला हवी. आणखी एका प्रश्नात काम आपल्याला भावनिकदृष्ट्या कठोर करतंय का, अशी काळजी वाटते का, असं विचारलं आहे. 'तुम्ही कठोर झालात का' यापेक्षा 'तशी काळजी वाटते का' याला खरं उत्तर देणं खूप सोपं जातं. पूर्ण निबर झालेल्या माणसाला काळजीही वाटत नाही, ज्याला अजून वाटते तो सुरुवातीच्या टप्प्यावर आहे. लवकर ओळखण्यासाठी याहून चांगला एकच प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. हो-नाही उत्तरांमुळे सरकणं मात्र कमी दिसतं, कारण 'नाही'चं एकदम 'हो' होतं.

बेथ स्टॅम यांची प्रोक्वोल ही प्रश्नावली 30 प्रश्नांची आहे. ती काळजी घेण्यातलं समाधान, बर्नआउट आणि दुसऱ्याचं दुःख सतत बघून होणारा आघात असे तीन धागे वेगळे करते. अपघात विभाग, बालरोग, कर्करोग विभाग यांच्यासाठी ती जास्त योग्य वाटते. रोजच्या वापरासाठी लांब आहे.

यातली कोणतीही प्रश्नावली नैराश्याचं निदान करत नाही आणि तशी वापरूही नये. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी, कामाशी निगडित घटना असं म्हटलं आहे, आणि मनोदशेचे व चिंतेचे विकार त्यातून वेगळे ठेवले आहेत. ही रेघ वॉर्डात फार उपयोगी पडते. कामावर कोरडी झालेली सिस्टर घरी, मैत्रिणींत, आवडीच्या गोष्टीत अजून फुलत असेल तर कामाकडे बघू. तिथलाही रस आटला असेल, सकाळी उठवत नसेल, आपण नकोसे झालोय असं ती बोलत असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवा, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सोबत जा. मास्लाकच्या 22 विधानांत जीव नकोसा होण्याविषयी एकही विधान नाही. निकाल हिरवा आला म्हणून या बाबतीत निश्चिंत राहणं धोक्याचं आहे.

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी पुढे कामाच्या सहा बाजू मांडल्या: कामाचा भार, कामावरचं नियंत्रण, मिळणारी दाद आणि मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक, मूल्यांचा मेळ. प्रश्नावलीइतकंच हे मला उपयोगी वाटतं, कारण 'तू बदल' असं न म्हणता काय बदलायचं ते त्यात सापडतं. माझा अनुभव असा की माणसं भार बराच काळ पेलतात. न्यायाने वागवलं जात नाही असं वाटलं की फार लवकर तुटतात. सणाची सुट्टी दर वर्षी त्याच दोघींना नाकारली जात असेल तर योगवर्गाने काही होणार नाही. बर्नआउटचा सर्व्हे घ्यायचा, निकाल फाईलला लावायचा आणि श्वासाच्या व्यायामाचं एक सत्र ठेवायचं, हे मी जिथे पाहिलं तिथे पुढच्या फेरीत निम्मे फॉर्म कोरे आले. लोकांनी विचारलेलं सांगितलं आणि काही झालं नाही, तर ते पुन्हा सांगत नाहीत. म्हणून निकालानंतर निदान एक गोष्ट बदलायची तयारी नसेल तर कोणतीच प्रश्नावली घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

तर कोणी काय घ्यावं. संशोधन करायचंय किंवा अनेक रुग्णालयांची तुलना करायची आहे, तर मास्लाक. इतका जुना आणि मोठा संदर्भ दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावलीला नाही. परवाना काढा, तीन गट वेगळे ठेवा, रंग भरू नका. एका वॉर्डासाठी कोपनहेगन पुरेशी आहे, तिच्या जोडीला रुग्णांविषयी कोरडं होण्याचा एक प्रश्न स्वतःच्या शब्दांत घाला. तो प्रमाणित नसेल, त्याचा आकडा कुठे छापू नका, विभागापुरता वापरा. एकट्या माणसाला स्वतःसाठी हवं असेल तर मेयोचे सात प्रश्न महिन्यातून एकदा, वहीत तारीख टाकून.

आमच्या विभागात पुढची फेरी कोपनहेगनची आहे, आणि ती महिन्याची ड्यूटी लिस्ट लागायच्या आधीच्या आठवड्यात ठेवली आहे. तिसरा गट वर गेलेला दिसला तर नाइटची विभागणी त्याच लिस्टमध्ये बदलेन, असं मी सगळ्यांना आधीच सांगितलं आहे आणि मेट्रनकडून तसं लेखी घेतलं आहे. उत्तरं बंद पाकिटात जातील, क्रमांकाचा रकाना काढला आहे. स्वतःचे आकडे टिपण्यासाठी प्रत्येकीला वेगळा कागद मिळेल, तो तिने घरी न्यायचा, मला दाखवायचा नाही.